हनुमंतप्पा मेस्त्रींसाठी दोन मिनिटं

माझ्या ओळखपत्रावर 'कार्यालय साहाय्यक' असं छापलेलं होतं, पण कार्यालयात मी फारशी कधी बसलेच नाही. माझं काम उभ्यानं करायचं होतं, आणि तेही एका माणसाच्या उजव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर. तो माणूस हात जोडून एखाद्या दारात पोचायच्या आत त्याच्या कानात मी तीन-चार वाक्यं घालायची. "अण्णा, हे शेट्टींचं घर. मोठी मुलगी डॉक्टर झालीय, तिचं कौतुक करा. धाकट्याचं नाव काढू नका, तो भांडून गेलाय." मग अण्णा दारातूनच ओरडायचे, "काय शेट्टी, आमच्या डॉक्टरीणबाई काय म्हणतात?" शेट्टींचा चेहरा असा फुलायचा की मत तिथल्या तिथे पेटीत पडल्यासारखं वाटायचं. शेट्टींना वाटायचं, एवढा मोठा माणूस, पण आमची पोर लक्षात ठेवतो. लक्षात मी ठेवलेली असायची.

सव्वीस वर्षं मी हे केलं. अण्णा कोण, कुठल्या पक्षाचे, मतदारसंघ कुठला, हे कृपा करून विचारू नका. बेंगळुरात पीण्या नावाची कारखान्यांची वसाहत आहे, तिच्या अलीकडे, जिथे लेथ चालवणारा आणि लेथचा मालक एकाच गल्लीत राहतात, तिथला आमचा भाग, एवढं पुरे. मी मूळची निपाणीची. लग्न होऊन बेंगळुरात आले, नवरा पीण्यात फिटर, आणि मी घरात शिवणाचे क्लास घ्यायची. क्लासला येणाऱ्या बायका मशीनवर पाय मारता मारता घरचं सगळं सांगायच्या. एका निवडणुकीत अण्णांची बायको आमच्या गल्लीत हळदी-कुंकवाला आली, तेव्हा मी तिला प्रत्येकीची ओळख करून दिली. घरी जाऊन ती अण्णांना म्हणाली, तुमचे चाळीस कार्यकर्ते एका बाजूला आणि ही शिवणवाली एका बाजूला. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. सगळे मला शालक्का म्हणायला लागले, ते आजपर्यंत.

लोकांना वाटतं, उमेदवार मोठ्या सभेतल्या भाषणामुळे पडतो. अहो, मोठ्या सभेत काही का बोलेना, लोक टाळ्या वाजवतात आणि बस पकडतात. उमेदवार पडतो तो दारात बोललेल्या एका वाक्यानं. आमच्या समोरच्या पक्षाच्या एका उमेदवारानं एका आजीला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आजी, शंभर वर्षं जगा." आजीला एकशे एकावं लागलेलं. ती दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "त्याच्या हिशेबानं मी गेल्या वर्षीच जायला हवी होते." त्या गल्लीतून त्याला एक मत पडलं असेल तर ते त्याच्या चुलतभावाचं. मला फार आनंद झाला होता तेव्हा. लपवत नाही.

आमच्या अण्णांची तऱ्हा वेगळी. सांगितलेली चार वाक्यं ते सुरेख बोलायचे, आणि लोक खूश झाले की त्यांना पाचवं सुचायचं. एकदा इंदिरानगरला दुसऱ्या एका उमेदवाराच्या प्रचारासाठी त्यांना नेलं होतं. पुण्या-मुंबई-नागपूरकडची, कॉम्प्युटरवर काम करणारी मराठी पोरं-पोरी एका हॉलमध्ये जमलेली. अण्णांनी माझ्याकडून मराठीत चार वाक्यं घोकून घेतली आणि झकास म्हटली. शिट्ट्या वाजल्या. झालं! अण्णा हिंदीत म्हणाले, "आप तो हमारे मेहमान हैं." पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "अण्णा, अकरा वर्षं झाली मला इथे येऊन. फ्लॅट इथे घेतला, मुलगी इथे झाली. पाहुणी किती वर्षांनी घरची होते, तेवढं सांगा." अण्णा हसले, हात जोडले आणि माइक ठेवून दिला. परतताना गाडीत मला म्हणाले, "शालक्का, पुढच्या वेळी चार वाक्यं झाली की माझा शर्ट ओढ." मी खरंच ओढायला लागले. त्यांच्या सगळ्या पांढऱ्या शर्टांची मागची शिवण मीच पुन्हा पुन्हा घालून दिलीय.

आता माझी विद्या सांगते. वहीत नावं लिहिणं कोणालाही जमतं. पण नावं जुनी होतात. परवा लग्न ठरलेलं काल मोडतं, आणि त्याच घरात जाऊन अण्णांनी 'लाडू कधी?' विचारलं की संपलं. म्हणून प्रचार निघायच्या दिवशी सकाळी साडेसहाला मी एकटी त्या गल्लीतून चक्कर मारायची आणि उंबरे वाचायची. आमच्या भागात अजूनही दारासमोर सडा घालून रांगोळी काढल्याशिवाय दूधसुद्धा तापत नाही. ठिपक्यांची मोठी रांगोळी म्हणजे घरात काही तरी चांगलं आहे. घाईघाईनं ओढलेल्या चार रेघा म्हणजे सून माहेरी गेलीय, सासू काढतेय. आणि रांगोळीच नाही म्हणजे घरात दुखणं किंवा सुतक. दारासमोर चपला किती, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत का, तोरण ताजं आहे का वाळलंय, हे सगळं पाहायचं. आणि शेवटी, न चुकता, कोपऱ्यावरच्या फुलवालीला विचारायचं. तिनं होकार दिला तरच ते अण्णांच्या कानापर्यंत जायचं. सव्वीस वर्षांत एकदाच मी फुलवालीला विचारलं नाही.

ती माझी शेवटून दुसरी निवडणूक. मतदानाला बारा दिवस उरले होते. त्या दिवशी संध्याकाळी हनुमंतप्पा मेस्त्रींच्या गल्लीच्या तोंडाशी कोपरा सभा ठरली होती. मेस्त्री म्हणजे चिकोडीकडचा माणूस, वय चौऱ्याहत्तर. पीण्यात एका लेथवर सुरुवात करून स्वतःचं वर्कशॉप काढलेलं. निम्म्या गल्लीला त्यांनीच काम शिकवलेलं. त्यांनी मान हलवली की गल्ली मान हलवायची, असं त्यांचं वजन. माझ्याशी आणि बायकोशी, गिरिजाक्काशी, ते घरच्या मराठीत बोलायचे, बाकी जगाशी कन्नडमध्ये. आणि अण्णांवर त्यांचा राग होता, का ते पुढे येईलच.

सकाळी गेले तर मेस्त्रींच्या दारात रांगोळी नाही. सडासुद्धा नाही. पायरीवर चपलांचा ढीग. फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत. तेवढ्यात दार उघडून त्यांचा मुलगा बाहेर आला. तो हुबळीला असतो, एरवी दिवाळीलाच दिसायचा. डोकं पूर्ण भादरलेलं, डोळे सुजलेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं न पाहिलं, स्कूटर काढली आणि गेला.

सांगा, तुम्ही काय समजला असता? बाप गेल्यावर पोरगा डोकं भादरतो. मला वाटलं, ते दोन दिवसांपूर्वीच गेले असणार आणि आपल्याला पत्ता नाही. कोपऱ्यावर फुलवालीनं हात केला, "शालक्का, एक मिनिट!" मी चालता चालता म्हटलं, "स्वल्प घाई आहे ग, मागाहून येते." पुढच्या तीन गल्ल्या बाकी होत्या. आणि खरं सांगू का? मला तेव्हा कोणाला विचारायची गरजच वाटली नव्हती. चारही खुणा डोळ्यांनी पाहिल्या होत्या. एवढ्या वर्षांचा माज, दुसरं काय.

संध्याकाळी सहाला सभा सुरू झाली. उघड्या जीपवर अण्णा, मागे मी. समोर दोन-अडीचशे माणसं. मी कानात म्हटलं, "अण्णा, वाईट झालं. हनुमंतप्पा मेस्त्री गेले. श्रद्धांजली वाहा, दोन मिनिटं उभं राहायला सांगा, नंतर घरी जाऊ." अण्णांना खरंच धक्का बसला. त्यांच्या पहिल्या दुकानाचं शटर मेस्त्रींनी बनवलं होतं. ते कन्नडमध्ये बोलले, मी मराठीत सांगते. "आपल्या गल्लीचा आधार गेला. हनुमंतप्पा मेस्त्री आपल्याला सोडून गेले. त्यांनी शेकडो हातांना काम दिलं. असा माणूस पुन्हा होणे नाही." चार वाक्यं. गर्दीत चुळबूळ झाली. काही जण एकमेकांकडे पाहायला लागले. मला वाटलं, हळहळतायत. मी शर्ट ओढला. पण अण्णांच्या ओठांवर पाचवं वाक्य आलं होतं. "जायच्या आधी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, अण्णा, आमच्या गल्लीचा रस्ता तेवढा करून द्या!"

मी शर्ट आणखी जोरात ओढला. हे मी कुठे सांगितलं होतं?

"दोन मिनिटं शांत उभं राहू या," अण्णा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. सगळे उभे राहिले. ज्यांना ठाऊक होतं की मेस्त्री जिवंत आहेत, तेही उभे राहिले. भर सभेत माइकवरून सांगितल्यावर आधी कोण बोलणार? नंतर त्यांच्यातला एक मला म्हणाला, "अक्का, आम्हाला वाटलं दुपारी काही तरी झालं असेल. तुमच्या लोकांना आमच्या आधी कळतं."

मी डोळे मिटले नव्हते. म्हणून मला दिसलं. गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा येऊन थांबली. पुढे गर्दी, रस्ता बंद. रिक्षातून गिरिजाक्का उतरली, हातात औषधांची पिशवी. तिच्या मागोमाग, मनगटाला पांढरी पट्टी गुंडाळलेले, हनुमंतप्पा मेस्त्री उतरले. त्यांनी पाहिलं, सगळी गल्ली माना खाली घालून उभी आहे. जुना माणूस. त्यांनी हळूच पायातल्या चपला काढल्या, हात जोडले, आणि मान खाली घालून तेही उभे राहिले. स्वतःसाठी!

गिरिजाक्कानं शेजारी उभ्या फुलवालीला दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं ग?" फुलवालीनं पदर तोंडात कोंबला. मेस्त्रींच्या पुढचा माणूस मागे वळला, त्यांना पाहिलं, आणि "अय्यो!" करून मटकन खाली बसला. मग एकेक मान वळायला लागली. कोणी तरी फोन वर धरला होता, तो धरलेलाच होता. दोन मिनिटं पुरी झाल्यावर अण्णांनी डोळे उघडले. समोर मेस्त्री. अण्णांच्या तोंडून माइकवर एवढंच निघालं, "अय्यो देवरे..."

आधी हशा उसळला. माणसं पोट धरून हसली. एक जण ओरडला, "मेस्त्री, आयुष्य वाढलं तुमचं!" मेस्त्रींना अजून काहीच उलगडलेलं नव्हतं, ते नुसते सगळ्यांकडे पाहत होते. तेवढ्यात गिरिजाक्का गर्दी बाजूला सारत जीपपाशी आली. ती ओरडली नाही. म्हणाली, "गुरुवारी ह्यांचं ऑपरेशन आहे. छाती उघडणार आहेत. आणि तुम्ही आजच तेरावं घालून मोकळे झालात?"

हसू तिथेच थांबलं. मला वाटलं, जीपनं मला गिळावं.

खरी हकीकत अशी होती. मेस्त्रींच्या छातीत दुखलं म्हणून दोन दिवस ते हॉस्पिटलात होते, मनगटातून नळी घालून तपासणी झाली, गिरिजाक्का त्यांच्यापाशी. मग रांगोळी कोण काढणार? चपला शेजारी बारशाला मुक्कामी आलेल्यांच्या आणि खुर्च्याही त्याच बारशाच्या, त्यांच्याकडे जागा नव्हती म्हणून मेस्त्रींच्या फाटकाशी ठेवलेल्या. आणि मुलगा बापाच्या ऑपरेशनासाठी नवस बोलून थेट तिरुपतीला जाऊन, डोकं भादरून रात्रीच्या बसनं आलेला, म्हणून डोळे सुजलेले. फुलवाली सकाळी मला हेच सांगणार होती. "मेस्त्री आज घरी येतायत, अण्णांना भेटायला पाठवा," असं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर होता. आधी विनोद म्हणून फिरला. मग समोरच्या पक्षानं त्यातलं हसू काढलं आणि गिरिजाक्काचं वाक्य ठेवलं. खाली एक ओळ: काळ्या जिभेचा उमेदवार.

पुढे जे झालं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आमचा सगळा प्रचार नावानं हाक मारण्यावर चालायचा. आता आम्ही गल्लीत शिरलो की बायका म्हाताऱ्यांना आत न्यायच्या. अण्णांनी एका दारात हात जोडून "काय हो नंजुंडप्पा" एवढं म्हणताच नंजुंडप्पा हात जोडून म्हणाले, "अण्णा, मत देतो, पण नाव नका घेऊ." एका घरी तान्हं बाळ पुढे केलेलं चटकन मागे घेतलं. मी कानात नावं सांगायची आणि अण्णा नुसते मान हलवायचे. इतक्या वर्षांची माझी सगळी विद्या दोन मिनिटांत कुचकामी झाली.

पक्षाच्या कार्यालयात बैठक झाली. वरून आलेल्या एका पुढाऱ्यानं टेबलावर हात आपटला. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला, मेस्त्री गेले म्हणून?" मी दारापाशीच उभी होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "कोणी नाही. माझाच गैरसमज झाला." आणि मी गप्प राहिले. पुढारी पुढे बोलला, "म्हातारा गुरुवारी टिकला तर हे विसरलं जाईल. गेला, तर तुमचं डिपॉझिटही राहत नाही." सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या, जणू पावसाचा अंदाज ऐकतायत. अण्णा उठले. "एका माणसाची छाती उघडणार आहेत," ते म्हणाले, "आणि आपण इथे मतं मोजतोय. बस्स झालं." ते निघून गेले. त्यांच्यावर मी आयुष्यात पुष्कळ चिडलेय, त्यांच्या पाचव्या वाक्यांनी माझा जीव खाल्लाय, पण त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आणि माझी स्वतःची लाज वाटली.

गुरुवारी गिरिजाक्कानं निरोप पाठवला होता, की अण्णांच्या माणसांपैकी कोणीही हॉस्पिटलात पाऊल ठेवायचं नाही. मी गेले. सकाळी आठला मेस्त्रींना आत नेलं होतं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर गिरिजाक्का आणि तिचा भादरलेला मुलगा. मी समोरच्या बाकावर बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. उठून जा म्हणाली नाही, एवढंच.

नऊ वाजले, दहा वाजले. माझ्या डोक्यात एकच. हा माणूस आत गेला आणि आला नाही, तर लोक अण्णांच्या जिभेला बोल लावतील, पण ते शब्द त्या जिभेवर ठेवणारी मी. डॉक्टरांचं ऑपरेशन माझ्या बोलण्यानं बिघडत नाही, हे मला कळत होतं. मी काही अडाणी नाही. पण कळून काय उपयोग? त्या बाकावर बसून पाहा. अकराच्या सुमारास मुलगा चहा आणायला गेला आणि मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले.

"गिरिजाक्का, अण्णांनी नाही ग. मी सांगितलं होतं त्यांना."

तिनं मांडीवरची औषधांची पिशवी सारखी केली.

"दारात रांगोळी नव्हती. खुर्च्या होत्या. तुझा मुलगा दिसला, डोकं भादरलेलं. मला वाटलं..."

"तुला वाटलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "शालू, तुझ्या क्लासात मी शिवण शिकले. माझ्या सुनेचे पहिले ब्लाउज तू शिवून दिलेस. ह्यांचं काही झालं असं वाटलं, तर दार वाजवायला काय झालं होतं तुला? रडायला तरी आली असतीस."

एवढ्या घरांची सुखदुःखं मी तोंडपाठ केली, पण मेस्त्री गेले असं वाटलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला? सभेत श्रद्धांजली वाहायची, गल्ली आपल्याकडे वळेल. रडू नंतर आलं, आणि तेही भीतीचं. मी तोंडावर पदर घेतला आणि रडले. गिरिजाक्कानं माझी समजूत घातली नाही. पण मुलगा दोन चहा घेऊन आला तेव्हा तिनं त्यातला एक माझ्याकडे सरकवला.

पावणेदोनला डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली, घाम पुसला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहूच शकले नाही, त्यांच्या हिरव्या चपलांकडे पाहत होते. ते म्हणाले, "सगळं व्यवस्थित झालंय. आता ते ठीक आहेत."

गिरिजाक्का उठली, पुन्हा बसली. मग माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली. मी हसत होते का रडत होते, कोण जाणे. बाहेर येऊन अण्णांना फोन लावला. ते कुठल्या तरी गल्लीत होते, मागे ढोल वाजत होते. मी म्हटलं, "अण्णा, मेस्त्री बरे आहेत." मग ऐकू आलं, ते ढोलवाल्यांना ओरडत होते, "निल्सी, निल्सी, थांबवा रे जरा!" आणि मग मला म्हणाले, "पुन्हा सांग."

तिसऱ्या दिवशी मेस्त्रींना साध्या खोलीत आणलं. मुलानं त्यांना तो व्हिडिओ दाखवला. गिरिजाक्का नको नको म्हणत होती. मेस्त्रींनी तो शेवटपर्यंत पाहिला, छातीवर उशी दाबून धरत, कारण हसलं की टाके दुखत होते. मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. "हे काय? रस्ता करून द्या, असं मी कधी म्हटलं? मी गटार मागतोय चार वर्षं! पाणी तुंबतं गल्लीत! रस्ता कोणाला हवाय?" हाच तो राग. अण्णांना त्यांनी गटारासाठी तीन अर्ज दिले होते. मुलानं बापाचं हे बोलणंही फोनवर घेतलं आणि पाठवून दिलं. तेही सगळीकडे गेलं. पण आता लोक पुन्हा हसायला लागले होते, आणि ते हसू वेगळं होतं. दारं उघडायला लागली. मतदानाच्या आदल्या दिवशी नंजुंडप्पांनी गल्लीतून जाणाऱ्या अण्णांना स्वतः हाक मारली, "घ्या हो आता नाव."

मतदानाच्या दिवशी मेस्त्री आले. डॉक्टरांनी परवानगी दिलेली, चाकाच्या खुर्चीत बसलेले, छातीवर पट्टी. रांग मोठी होती. मुलगा रांगेच्या शेवटी खुर्ची नेऊ लागला तर मेस्त्री मोठ्यांदा म्हणाले, "मेलेल्या माणसाला रांग कसली रे?" सगळी रांग हसत बाजूला झाली.

अण्णा पडले. फार नाही, थोडक्यात पडले. हे त्या दोन मिनिटांमुळे झालं, का गटारामुळे, का आणखी कशामुळे, ते देव जाणे. निकाल लागला तेव्हा कार्यालयात बायका रडत होत्या. मला वाटलं होतं, मलाही रडू येईल. खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटत होतं. अण्णांनी खुर्चीवर मान टेकली आणि मला विचारलं, "मेस्त्री चालायला लागले?" मी म्हटलं, "काल गच्चीपर्यंत गेले." "मग सरी, ठीक झालं," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवशी मी त्यांना सगळ्यांच्या देखत म्हटलं, "चूक माझी होती." ते डोळे न उघडता म्हणाले, "पहिली चार वाक्यं तुझी. पाचवं माझंच होतं."

गटार झालं. अण्णांनी न केलेली ती एक गोष्ट आता गल्लीत सगळ्यांना पाठ होती, म्हणून नव्या आमदारानं पहिलं काम तेच केलं. मेस्त्री उद्घाटनाला गेले नाहीत. "अण्णांना सांगा," मला म्हणाले, "मत मी त्यांनाच दिलं होतं. माझ्यासाठी मान खाली घालून उभे राहिले होते ना."

आता मी निवृत्त. बसवनगुडीत मुलीकडे राहते. कोणाच्याही कानाशी उभी राहत नाही आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. मेस्त्री ऐंशीचे झाले. गेल्या महिन्यात भाजणी घेऊन मी मेट्रोनं पीण्याला गेले, गिरिजाक्कानं मागितली होती. गल्लीत वळले आणि पाय थांबले.

दारात रांगोळी नव्हती. सडा नव्हता. खिडक्या बंद.

जुनी सवय, डोळे आपोआप फिरले. चपला पाहिल्या, खुर्च्या पाहिल्या. मग मीच मला म्हटलं, पुरे, शालू. जाऊन घंटी वाजवली. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली. मग दाराला हातानं थापा मारल्या, शेजारची बाई बाहेर येऊन पाहायला लागली, तरी मारत राहिले.

आतून कडी निघाली. बनियन, खांद्यावर टॉवेल, एका गालाला साबण. "काय हो, आग लागली का कुठे? दाढी करत होतो."

मेस्त्रींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली कोऱ्या उंबऱ्याकडे पाहिलं. हसू लागले. "गिरिजा हुबळीला गेलीय हो, नातवाच्या मुंजीला. परवा येते." आणि टॉवेलनं साबण पुसत म्हणाले, "ह्या वेळी विचारलंत की. शिकलात म्हणायचं."

ते आत गेले. परत आले ते पाण्याची बादली आणि रांगोळीचा डबा घेऊन. डबा माझ्या हातात दिला.

"आता आलाच आहात तर काढून जा. नाही तर आणखी कोणी तरी उभं राहील माझ्यासाठी."

मी सडा घातला आणि खाली बसले. गुडघे कुरकुरले. सात ठिपके ते एक, निपाणीत आईनं शिकवलेली. पहिले ठिपके वाकडे पडले. मेस्त्री दाराच्या चौकटीला टेकून पाहत होते.

"मोठी काढा, शालक्का," ते म्हणाले. "कोपऱ्यावरून दिसली पाहिजे."